कानताई आणि फुसफुशीचा तपास

कानताईंच्या घरात चोरून बिस्किट खाण्याची सोय नाही. यजमानांनी सगळे उपाय करून पाहिले. डबा न्हाणीघरात नेऊन उघडला, नळ सोडून उघडला, शेजाऱ्यांच्या भिंतीत ड्रिल घुसत होतं तो मुहूर्त साधून उघडला. तरी आतल्या खोलीतून आवाज आलाच, "अहो, तिसरं नको." दोन खाऊन झाली होती हे बायकोला कसं कळलं, हे कोडं त्या भल्या माणसाला अजून उलगडलेलं नाही, आणि त्यांचा धंदा कुलपं उघडून देण्याचा आहे.

असे कान घेऊन माणसानं दुसरं करावं तरी काय? कानताई ऐकण्याची नोकरी करतात. बोलकी पुस्तकं काढणारी एक लहानशी कंपनी आहे. वाचणारी मंडळी आपापल्या घरी माइकसमोर बसून पुस्तक वाचतात, ध्वनिमुद्रण कंपनीकडे पाठवतात आणि तिथे ते तपासणाऱ्यांच्या कानांखालून जातं. चूक सापडली की ती कुठे आहे ते नोंदवून पुढे एका शब्दाचा शेरा मारायचा. कानताईंचे शेरे कंपनीत प्रसिद्ध आहेत. 'श्वास'. 'पान'. 'खुर्ची'. 'पोट'. 'पोट' हा शेरा ज्याला मिळतो, तो पुढचं प्रकरण जेवून वाचतो.

मुळात त्या तिथे टायपिस्ट म्हणून लागल्या. तेव्हा ध्वनिमुद्रण कंपनीतच व्हायचं. एके दिवशी टाइप करता करता त्या मालकीणबाईंना म्हणाल्या, "आतल्या गृहस्थांनी नवे बूट घातलेत. करकरताहेत." मध्ये जाड भिंत, वर दार बंद. मालकीणबाई आत जाऊन बूट बघून आल्या, आणि दुसऱ्या दिवशी कानताईंच्या पुढ्यातून टाइपरायटर गेला, हेडफोन आला. काम शिकवलं एका म्हाताऱ्या तपासनीसांनी. त्यांचा नियम एकच, यंत्र थांबलं की कान मोकळे. कान पोटासारखे असतात, मधूनमधून रिकामे ठेवावेत, असं ते म्हणायचे. कानताईंनी हा नियम असा काही अंगी बाणवला की एक हात बटणाकडे गेला की दुसरा आपोआप कानाकडे जायचा. काही वाजत नसताना कानात काहीतरी घालून त्या कधी बसल्याच नाहीत. सवय चांगली होती. पण पुढचा सगळा घोटाळा तिनंच केला.

आता फलाटकाकांकडे वळू. बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची उभी नोकरी गेली. कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली हे ते इतक्या प्रेमानं सांगत की ज्यांना कुठेच जायचं नाही त्यांनाही जाऊन बसावंसं वाटे. निवृत्त झाले आणि त्या आवाजाला गिऱ्हाईक उरलं नाही. मग घरातच घोषणा सुरू झाल्या. दूध आलेलं आहे. दूध तापत आहे. दूध थोड्याच वेळात उतू जाण्याची शक्यता आहे. काकूंनी महिनाभर सोसलं आणि एका सकाळी त्यांना हाताला धरून मालकीणबाईंपुढे उभं केलं. पहिलंच पुस्तक मिळालं ते विनोदी, एका विसराळू पोस्टमनची कादंबरी. काका इतके खूश झाले की त्या दिवशी दुधाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. पहिली चार प्रकरणं वाचून त्यांनी पाठवली आणि ती तपासायला आली कानताईंकडे.

नेमका त्याच आठवड्यात कानताईंचा जुना हेडफोन मोडला. त्यांची भाची गाण्याच्या कार्यक्रमांत ध्वनिव्यवस्था सांभाळते. गायक मंडळी मंचावर कानात घालतात तसले चिमुकले इअरफोन तिनं मावशीला आणून दिले. "मावशी, हे फार नाजूक कानाचे आहेत. मुंगी चालली तरी कळेल," ती म्हणाली. पुढेही ती बरंच काही म्हणाली. पण मावशी ते कानात घालून आरशात बघत होत्या, त्यामुळे पुढचं काही त्यांना ऐकू गेलं नाही.

कानताईंनी ऑफिसच्या लॅपटॉपवर पहिलं प्रकरण लावलं. काकांचा आवाज आला, छान भरदार, आणि त्या आवाजाच्या मागे, खाली, चहूबाजूंनी फुसफुस. शेगडीचं बटण फिरवून काडी ओढायची राहून गेल्यावर येते तशी. त्यांनी थांबवलं, इअरफोन काढले, विचार केला, पुन्हा घालून पुन्हा लावलं. फुसफुस होतीच. असा सलग आवाज असला की पहिल्या मिनिटालाच प्रकरण परत करायचं, पुढे ऐकण्यात वेळ घालवायचा नाही, ही कंपनीची पद्धत. शेरा गेला, 'फुसफुस'. चारही प्रकरणांना.

काकांनी पंखा बंद करून चारही प्रकरणं पुन्हा वाचली. 'फुसफुस'. मग त्यांनी काकूंना खोलीबाहेर काढलं, कपड्यांच्या कपाटात बसून दारं ओढून घेतली आणि तिसऱ्यांदा वाचली. 'फुसफुस'. एवढं झाल्यावर मालकीणबाईंनी कानताईंना बोलावून घेतलं. त्या वाईट नाहीत, पण त्यांनाही पुस्तक वेळेवर काढायचं असतं. "बुधवारी संध्याकाळपर्यंत स्वच्छ प्रकरणं आली नाहीत तर पुस्तक दुसऱ्या वाचकाला देते," त्या म्हणाल्या. "मला या माणसाचं वाईट वाटतं, पण तुमचे कान कधी चुकत नाहीत."

 खरं सांगायचं तर काकांचा आवाज कानताईंना मनापासून आवडला होता. पण फुसफुस ऐकूनही 'स्वच्छ' लिहायचं म्हणजे इतक्या वर्षांच्या इमानावर पाणी सोडायचं. बुधवारी दुपारी त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला आणि काकांचं घर गाठलं. वाचकाच्या घरी तपासनीस गेल्याचं कंपनीत आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. "या. ते कपाटात आहेत," त्या म्हणाल्या, जणू सगळ्यांचेच नवरे दुपारचे कपाटात असतात.

झोपायच्या खोलीतल्या कपाटात, हँगरवरच्या कोटांच्या दाटीत, डोक्यावर रजई घेऊन आणि कपाळाला टॉर्च बांधून फलाटकाका एका स्टुलावर बसले होते. घामानं निथळत होते. "नमस्कार ताई," रजईतून तो सुंदर आवाज आला, "आपलं स्वागत आहे." त्यांना ताटकळत ठेवलेल्या प्रवाशासारखं बसलेलं बघून कानताईंना भरून आलं. पण त्या कामाला लागल्या. काकांच्या माइकची वायर आपल्या लॅपटॉपला लावली, इअरफोन कानात घातले, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काका, आता कुणी काही बोलायचं नाही."

सगळे गप्प झाले.

"येतेय," कानताई म्हणाल्या.

काकूंनी फ्रिज बंद केला. येतेय. भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली ठेवलं, मग उशीसकट बाहेरच्या खोलीत नेलं. येतेय. ठिबकणाऱ्या नळाला फडकं बांधलं. येतेय. माशांच्या टाकीतला हवेचा पंप बंद केला आणि काकूंनी विचारलं, "मासे किती वेळ तग धरतील?" ते कुणालाच माहीत नव्हतं. "येतेय, पंप सुरू करा," कानताईंनी घाईघाईनं सांगून टाकलं, आणि माशांचा जीव भांड्यात पडला.

मग संशय गेला वरच्या मजल्यावर. तिथल्या पाण्याच्या मोटरीचा बंदोबस्त करायला काका कपाळावरच्या टॉर्चसकट जिना चढून गेले आणि हातात मेणबत्ती घेऊन परत आले.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"वरच्यांना वाटलं आपली वीज गेली. मोटर बंदच आहे म्हणे. नाही म्हणवेना, घेऊन आलो."

"मग जाऊच द्या वीज," असं म्हणून काकूंनी सरळ मुख्य बटण खाली ओढलं. घर कसं चिडीचूप झालं. लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. कानताईंनी श्वास रोखून कान टवकारले आणि त्यांचा चेहरा पडला. येत होती.

आता घरात वाजण्यासारखं एकच यंत्र उरलं होतं. "काका, राग मानू नका," कानताई चाचरत म्हणाल्या, "तुमची छाती वाजते का?" काकांनी लगेच श्वास कोंडला. ते लाल झाले, मग जांभळे व्हायला लागले. कानताई डोळे मिटून म्हणत होत्या, "येतेय, अजून येतेय."

"ताई, यांना श्वास घेऊ द्यायचा की तोही बंदच ठेवायचा, ते एकदा ठरवा," काकू म्हणाल्या.

काका धाडदिशी श्वास सोडून उठले, पाय वायरीत अडकला, रजई खाली आली. माइक पडून फुटायचा म्हणून काकूंनी चपळाईनं तो झेलला, वायरीचं दुसरं टोक लॅपटॉपमधून उपसून काढलं आणि सगळं हाताला गुंडाळून घेतलं. कानताईंच्या मिटल्या डोळ्यांना यातलं काही दिसलं नाही.

"येतेय," त्या म्हणाल्या. "तशीच येतेय. जराही फरक नाही."

"ताई," काकू म्हणाल्या, "माइक माझ्या हातात आहे."

"बरं, हलवू नका."

"अहो, हातात म्हणजे वायरीसकट हातात आहे. तुमच्या कॉम्प्युटरला आता काहीही लावलेलं नाही. फक्त तुम्ही."

कानताईंनी डोळे उघडले. माइककडे पाहिलं, गुंडाळलेल्या वायरीकडे पाहिलं, लॅपटॉपच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं. काही वाजत नव्हतं, काही मुद्रित होत नव्हतं, आणि कानात निवांत फुसफुस चालली होती. आजवर यंत्र थांबताच इअरफोन काढल्यामुळे ती त्यांना अशी एकटी कधी सापडलीच नव्हती. त्यांनी आवाज कमी केला. तेवढीच. अगदी शून्यावर नेला. तेवढीच. मग इअरफोनची पिन काढली, काकांच्या जुन्या फोनला लावली आणि त्यांनी पहिल्या वेळी वाचलेलं पहिलं प्रकरण त्यात होतं ते लावलं. काकांचा आवाज आला. एकटाच आला. मागेपुढे कुणी नाही.

कानताई स्टुलावर बसल्या. इतकी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. एका घरातले मासे, घड्याळ, फ्रिज आणि नवरा, सगळ्यांना त्यांनी वेठीस धरलं होतं, आणि चोर त्यांच्याच पिशवीतून आला होता.

त्यांनी भाचीला फोन लावला. भाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, कॉम्प्युटरच्या पोटात सतत काही ना काही चाललेलं असतं. त्याची कुजबुज हेडफोनच्या भोकापर्यंत येते. तुझा जुना हेडफोन जाड कातडीचा होता, त्याला ती कळायचीच नाही. हे इअरफोन फार हळवे, त्यांना सगळं कळतं. आवाज शून्यावर नेला तरी येतेय ना? म्हणजे ती रेकॉर्डिंगमधली नाहीच, कॉम्प्युटरची स्वतःची आहे."

"मग आता?"

"यूएसबीत बसणारी एक अंगठ्याएवढी डबी मिळते. कॉम्प्युटरमधला आवाज त्या डबीतून घ्यायचा, इअरफोन तिलाच लावायचे. बहुतेक वेळा आतली गडबड आतच राहते. नाहीतर मध्ये आवाज थोपवणारी छोटी वायर घाल. आज घाई असेल तर फोनवरच ऐक."

"हे तू मला आधी नाही का सांगायचंस?"

"आधीच सांगितलं होतं. कॉम्प्युटरला थेट लावू नकोस, असं दोनदा सांगितलं. तू आरशात बघत होतीस."

कानताईंनी फोन ठेवला. काका पलंगाच्या कडेवर बसले होते, कपाळावर टॉर्च, हातात न पेटलेली मेणबत्ती. "म्हणजे ताई," त्यांनी अगदी हळू विचारलं, "माझं काही चुकत नव्हतं?"

"नाही काका. पहिल्या दिवसापासून नाही. चुकत माझं होतं. तुम्हाला उगाच कपाटात बसवलं, मला फार वाईट वाटतंय."

काकांनी हे ऐकलं. मग मान ताठ केली, मेणबत्ती माइकसारखी तोंडासमोर धरली आणि त्यांचा तो बसस्थानकावरचा आवाज लागला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं. कपाटातून सुटणारी फुसफुस आज लॅपटॉपमधून सुटलेली आहे. प्रवाशांच्या झालेल्या गैरसोयीबद्दल..." पुढचं त्यांना बोलवेना. ते हसत सुटले, कानताई हसत सुटल्या, हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला त्यांनी कपाटातल्या एका कोटाची बाही ओढली तर हँगरसकट चार कोट अंगावर आले. मग तर विचारूच नका. काकू तेवढ्या शांतपणे मुख्य बटण वर करून आल्या. म्हणाल्या, "फ्रिज लावलाय. घड्याळ हसून झाल्यावर लावते."

पण मालकीणबाईंना सांगायचं बाकी होतं. आपल्या कानांवर सगळी कंपनी विसंबून आहे, हे कानताईंना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यांचं धाबं दणाणलं. तरी त्यांनी फोन केला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं, आरशासकट.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आपल्याच लॅपटॉपला नापास करत होतात," मालकीणबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि काकांना कपाटात बसवलंत."

"बसले ते स्वतः. पण हो."

 पलीकडे मालकीणबाई फोन लांब धरून हसताहेत, हे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मग त्या घसा साफ करून म्हणाल्या, "बरं. तीनदा वाचलंय त्यांनी. त्यातलं कुठलं घ्यायचं ते नीट ऐकून सांगा. संध्याकाळची मुदत काही हलत नाही. आणि आता एक जरी आवाज निघाला तरी मी पुस्तक काढून घेईन, सांगून ठेवते."

कानताईंनी काकांच्या फोनला इअरफोन लावले आणि ऐकायला बसल्या. सगळ्यात शेवटचं, कपाटातलं वाचन स्वच्छ होतं, पण पोस्टमन वारल्याची बातमी दिल्यासारखं. बिचारे काका आपल्या श्वासाला इतके घाबरले होते की विनोदाच्या जागी जाऊन ते दबकत परत येत होते. मधलं वाचन त्याहून बरं. पण पहिल्या वेळचं! त्याला वाचन म्हणायचं की धुडगूस म्हणायचा? पोस्टमन बोलत होता, त्याची सायकल बोलत होती, पत्रं बोलत होती. पहिली दोन प्रकरणं कानताईंनी गालातल्या गालात हसत ऐकली.

तिसऱ्या प्रकरणात पोस्टमन विसरून आपल्याच घरी पत्र घेऊन जातो, दार वाजवतो आणि बायकोला विचारतो, "बाई, इथे कोण राहतं?" बायको म्हणते, "सध्या तरी मी एकटीच." आणि तिथे, काकांच्या आवाजाच्या मागे, काहीतरी वाजलं.

कानताईंनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं. कुणीतरी हसलं होतं. दाबून धरलेलं, नाकातून निसटलेलं, मग पुन्हा दाबलेलं आणि पुन्हा निसटलेलं हसू. फुसफुशीच्या भानगडीत पहिल्याच मिनिटाला प्रकरण परत गेल्यामुळे इथवर त्या कधी पोचल्याच नव्हत्या. नियम अगदी स्पष्ट होता. वाचणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाचा आवाज आला की प्रकरण परत. याहून लहान आवाजांसाठी त्यांनी भल्याभल्यांना घरी बसवलं होतं.

"काका," त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा वाचलंत तेव्हा खोलीत कोण होतं?"

"कुणी नव्हतं. म्हणजे ही होती, पलंगावर. पण झोपली होती. तिला माझं वाचन कंटाळवाणं वाटतं."

काकू रजईची घडी घालत होत्या. त्यांनी ती घातली, मोडली आणि पुन्हा घालायला घेतली. "झोपले नव्हते," त्या रजईला म्हणाल्या. "तोंडावर उशी धरली होती. तरी निसटलं."

काकांनी कानताईंच्या हातातून इअरफोन घेतले. कानात घातले. ऐकलं. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना ते बायकोकडे असे बघत होते, जणू आत्ताच कुणी ओळख करून दिली आहे.

"तू हसलीस," ते म्हणाले.

"हसू आलं."

"मग सांगितलं का नाहीस? मी विचारलं तेव्हा ठीक आहे म्हणालीस."

"सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून मुद्दाम हसवायला लागला असतात. मग कसलं हसू यायचं?"

कानताईंनी खिडकीबाहेर बघितलं. एवढ्यात त्यांचा फोन वाजला. मालकीणबाई होत्या.

"ठरलं का?"

"ठरलं. पहिल्या वेळची चारही प्रकरणं घ्या."

"शेवटपर्यंत ऐकलीत?"

चौथं अजून ऐकायचं होतं. कानताईंनी काकांच्या हातातून फोन मागितला, पण काका काही तो देईनात. ते पुन्हा मागे नेत होते आणि काकू "पुरे हो आता" म्हणत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या होत्या, एक इअरफोन आपल्या कानात घालून.

"तीन ऐकली. चौथं ऐकून पुन्हा फोन करते," कानताई म्हणाल्या.

"आणि तिन्हींत नको असलेला आवाज कुठेही नाही? अगदी खात्रीनं सांगताय?"

"कुठेही नाही," कानताई म्हणाल्या.